घसारा

माणसाला भाचे असावेत; पण ते अमेरिकेत असू नयेत. गावातला भाचा फार तर पाचशे रुपये उसने मागतो. ते गेले असं समजून चाललं की विषय संपतो. अमेरिकेतला भाचा पैसे मागत नाही, सल्ला मागतो. आणि एकदा दिलेला सल्ला जन्मभर आपल्या नावावर राहतो. उद्या तिकडे काही बिनसलं, तर ताई भाऊबीजेला ओवाळता ओवाळता म्हणणार, "तुझ्या शब्दावर घेतली हो त्याने!"

आमचा भाचा न्यू जर्सीत असतो. तो काय करतो हे ताईलाही नीट सांगता येत नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं ती म्हणते, तेव्हा तो आत कुठेतरी मांडी घालून बसला असावा असं वाटतं. एका रविवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, स्पोर्ट्‌स कार घेतोय. सेकंडहँड. पोर्शे बॉक्सस्टर."

मी लिंबू खाली ठेवलं. आमच्या घराण्यात पळण्यासाठी म्हणून वाहन कोणी घेतलेलं नाही. पोचण्यासाठी घेतलंय.

"मग मला कशाला विचारतोस? मी बँकेत कारकून आहे."

"म्हणूनच! तू गाड्यांच्या लोनवर होतास ना?"

होतो. सहा वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर होतो, आणि तेव्हापासून नातेवाइकांत अशी समजूत आहे की मला गाड्यांतलं कळतं. वास्तविक मला गाड्यांच्या कागदांतलं कळतं. चॅसिस नंबर अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचा हे मी झोपेतसुद्धा सांगेन. तो गाडीवर नेमका कुठे कोरलेला असतो हे मी आजतागायत पाहिलेलं नाही. पण "मला कळत नाही" हे वाक्य मामाच्या पदाला शोभत नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हं. बोल."

त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या. दोन्ही २००३ सालच्या, दोन्ही चंदेरी, दोन्हींना माणसं बसणार दोनच. पहिली एका दंतवैद्याची. बावीस वर्षांत चालली १४,००० मैल. किंमत २४,००० डॉलर. दुसरी एका नर्सबाईंची. चालली १,१२,००० मैल. किंमत ११,००० डॉलर.

"यात विचार कसला करतोस?" मी म्हणालो. "कमी चाललेली घे. पैसे जरा जास्त जातील, पण वस्तू नव्यासारखी मिळेल."

हा सल्ला द्यायला मला पोहे गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. प्रेशर कुकरपासून जावयापर्यंत जे कमी वापरलेलं ते चांगलं, हे आपल्याला बाळकडूतूनच मिळालेलं असतं. "अजिबात वापरला नाही हो, कपाटातच होता," असं म्हणून शेजारीण डिनर सेट दाखवते तेव्हा तिच्या आवाजात जो अभिमान असतो, तो मुलगा बोर्डात आल्याचं सांगतानाही नसतो.

"तसं नाहीये मामा," भाचा म्हणाला. "इथे ज्याला ज्याला विचारलं तो उलटंच सांगतो. म्हणतात, चाललेली घे. उभी राहिलेली घेऊ नकोस."

मी त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. पार्टी अडचणीचं बोलायला लागली की आम्ही टेबलावर हेच सांगतो.

फोन ठेवून मी थेट बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात गेलो. घसारा हा माझा तिथला आवडता विषय. आवडता अशासाठी, की त्यावर प्रश्न हमखास यायचा. वस्तू झिजते, म्हणून वहीतली तिची किंमत दरवर्षी खाली आणायची, याला घसारा म्हणतात. एका पद्धतीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा होते. दुसऱ्या पद्धतीत उरलेल्या किमतीच्या अमुक टक्के वजा करत जायचं. म्हणजे वस्तू शून्यावर कधीच येत नाही, नुसती बारीक बारीक होत जाते, निवृत्त हेडक्लार्कसारखी. या दोन्ही पद्धतींत गाडी पळवली की झाकून ठेवली याची कोणी चौकशी करत नाही. कॅलेंडर फिरलं, गाडी झिजली. तिसरीही एक पद्धत होती, वापरावरची. यंत्र जितकं चालेल तितकाच घसारा. ती आमचे सर एका तासात उरकायचे, "परीक्षेला येत नाही" म्हणून. आयुष्यातले बरेच विषय माझे या एका कारणामुळे कच्चे राहिले आहेत.

१९६१ च्या आयकर कायद्यात तर याहून गंमत होती. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्या पहिल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्माच मिळायचा. कमी वापर, कमी झीज! म्हणजे कायदाही दंतवैद्याच्या बाजूने. मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी भाचा सगळा अभ्यास करून आला. तो दोन्ही गाड्या पाहून आला होता. आपल्याकडे जुनी गाडी पाहायला जाण्याची एक रीत आहे. बॉनेट उघडायचं, आत वाकायचं, एखाद्या वायरला बोट लावायचं आणि "हं" म्हणायचं. या "हं"वर पाच हजार तरी कमी होतात. भाच्याने रीतीप्रमाणे पुढचं झाकण उघडलं, तर आत सामान ठेवायचा रिकामा खड्डा. तो मागे गेला. मागचं उघडलं, तर तिथेही खड्डा; फक्त एका बाजूला तेल आणि पाणी ओतायची दोन बुचं. इंजिन कुठेच नाही! ते असतं मधे, माणसांच्या पाठीमागे, झाकणाखाली. वरून दिसतच नाही. बॉक्सस्टर या नावात बॉक्सर पद्धतीचं इंजिन आणि रोडस्टर अशा दोन शब्दांचं लग्न लावलेलं आहे म्हणे. मला आपलं वाटलं होतं, पुढे एक खोका आणि मागे एक खोका, म्हणून बॉक्सस्टर.

"मग 'हं' कशाला म्हणालास?"

"म्हटलंच नाही. मेकॅनिककडे नेली. दोन्ही. पैसे देऊन तपासून घेतल्या."

आता जे त्याने सांगितलं ते मी माझ्या बुद्धीला झेपेल तसं सांगतो. गाडी उभी राहिली म्हणजे झीज थांबते, हा गैरसमज आहे. इंजिनाच्या सांध्यासांध्यांतून रबराची कडी बसवलेली असतात. आत तेल फिरत राहिलं तर ती मऊ राहतात; नाहीतर वाळतात, कडक होतात आणि गळायला लागतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, गाडी चालो वा न चालो. तिकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्के इथेनॉल असतं. त्यालाही पाण्याचा भारी सोस. बॅटरी उतरते. उंदरीण एअर फिल्टरमध्ये बाळंत होते. आणि टायर! दंतवैद्याच्या टायरवरची नक्षी इतकी कोरीव होती की भाचा खूश झाला. मेकॅनिकने टायरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे चार आकडे होते: ११०३. म्हणजे २००३ सालचा अकरावा आठवडा. ही टायरची जन्मपत्रिका. टायर दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदलावेत, असं तो तयार करणारेच सांगतात. आणि हे बावीस वर्षांचे घोडनवरे नव्याच्या ऐटीत उभे होते.

शिवाय या इंजिनाच्या पोटात एक बेअरिंग असतं. ते गेलं तर त्याच्याबरोबर इंजिनही जाऊ शकतं. नियमित पळणाऱ्या आणि वेळच्या वेळी तेल बदललेल्या गाड्यांत ते कमी दगा देतं, असा या गाड्यांच्या मालकांत पक्का समज आहे. नर्सबाईंनी ऐंशी हजार मैलांवर क्लच बदलला, तेव्हा "गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर" म्हणून ते बेअरिंगही बदलून घेतलं होतं. आपल्या बायका माळ्यावरून एक डबा काढताना "चढलाच आहात तर" म्हणून सगळा माळा साफ करून घेतात, त्यातलाच हा प्रकार. बिल फाइलला होतं.

फाइल म्हटल्यावर माझे कान टवकारले. "कसली फाइल?"

भाच्याने कॅमेऱ्यापुढे धरली. अहाहा! बावीस वर्षांची बिलं, तारखेवार. कडेला बाईंच्या हातच्या नोंदी. डावा आरसा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये खांबाला लागला तो दिवस. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते खालून धुऊन घेतलेल्या दर हिवाळ्याची नोंद. पुढच्या बंपरवर खडे उडून टवके गेलेले, त्याचीही कबुली. इतकं स्वच्छ लेजर मी आमच्या शाखेत ऑडिटच्या आदल्या दिवशीसुद्धा पाहिलेलं नाही. दंतवैद्याकडे काय होतं? एक रेशमी अस्तराची गाडीची खोळ.

पण मी सहजासहजी हार मानणारा नाही. म्हटलं, "मैलांचे आकडे खरे कशावरून?" मीटर मागे फिरवण्याची कला काही आपल्याच देशाची मिरास नाही, अमेरिकेला त्यासाठी १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये कायदे करावे लागले.

तेव्हा भाच्याने जे सांगितलं त्याने मी पोह्यांची बशी बाजूला सारली. या गाडीच्या इंजिनाला एक छोटा संगणक असतो, आणि इंजिन एकूण किती तास चाललं याचा हिशेब तो ठेवतो. मेकॅनिकने तो काढून दिला. नर्सबाईंच्या इंजिनाचे तास २,८००. दंतवैद्याच्या ७५०.

तास आणि मैल! माझ्यातला कारकून जागा झाला. पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. नर्सबाई: ताशी सरासरी ४० मैल. म्हणजे लांबचा, मोकळा रस्ता. घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. दंतवैद्य: ताशी १९ मैलांच्याही आत. दोनशे-सव्वादोनशे अश्वशक्तीची गाडी, आणि वेग लक्ष्मी रोडवरच्या रिक्षाचा!

"हा माणूस गाडी चालवायचा की ढकलायचा?"

"तो दर रविवारी ती सुरू करायचा, मामा. पंधरा मिनिटं. गॅरेजमध्येच. बंद पडू नये म्हणून."

मी पुन्हा पाकीट उलटं केलं. पंधरा मिनिटं, बावन्न रविवार, बावीस वर्षं: २८६ तास. हिशेब जुळत होता. त्या माणसाने जवळजवळ तीनशे तास आपली गाडी एका जागी उभी करून चालवली होती. आणि मेकॅनिकच्या मते नेमकं तेच वाईट. इंजिन पुरेसं तापतच नाही. आत धरलेली पाण्याची वाफ तेलातच राहते. त्याने प्रेमापोटी गाडीला दर रविवारी चमचा चमचा पाणी पाजलं.

"पण चालवत का नव्हता?"

"निवृत्तीनंतर चालवणार होता. समुद्राच्या कडेने फ्लोरिडापर्यंत जायचं ठरवलं होतं. सत्तराव्या वर्षी निवृत्त झाला. आता ही गाडी फार बुटकी आहे ना. आत बसला की त्याला उठता येत नाही. गुडघे."

मी हसलो. भाचाही हसला. मग दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आणि निवृत्तीनंतर करायच्या गोष्टींची एक वही माझ्याकडेही आहे. ती मी कोणाला दाखवत नाही. पान पाचवर हिमालय आहे.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी दोन गाड्यांच्या किमतींची वजाबाकी केली. फरक १३,००० डॉलरचा. मैलांचा फरक ९८,०००. म्हणजे दंतवैद्य न फिरलेल्या प्रत्येक मैलाचे साधारण १३ सेंट मागत होता. समुद्राच्या कडेने न गेल्याचे १३ सेंट. पावसात टप उघडं राहून न भिजल्याचे १३ सेंट. आणि समजा भाच्याने ते दिले, तर पुढे काय? गाडी नव्यासारखी आहे म्हणून तर जादा पैसे मोजले. आता ती चालवावी तर प्रत्येक मैलाला हे विकत घेतलेलं नवेपण १३ सेंटनी कमी होणार, पेट्रोल निराळं. म्हणजे ती न चालवणं आलं. दर रविवारी पंधरा मिनिटं. एकाच्या गॅरेजमधून निघून गाडी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये जन्मठेप भोगायला जाणार, आणि जेलर बदलल्याचे २४,००० डॉलर जेलरनेच भरायचे!

मला वाटतं, माझ्या धंद्याने माझी बुद्धी बिघडवलेली आहे. आम्ही दिवसभर काउंटरवर बसून लोकांना सांगत असतो की ठेवा, हात लावू नका, वाढेल. पैसा हा असा एकच चमत्कारिक पदार्थ आहे की जो पडून राहण्याचं व्याज मिळतं. खातेदाराने दोन वर्षं काहीच उलाढाल केली नाही तर बचत खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते, हे खरं. पण मालक किंवा वारस कधीही आला तरी ती परत मिळते. रुपयाला उंदीर लागत नाहीत, त्याचं रबर वाळत नाही. (महागाई लागते, पण ते आम्ही काउंटरवर बोलत नाही.) मग हाच न्याय आपण साड्यांना, भांड्यांना, गाड्यांना आणि गुडघ्यांना लावतो.

आमच्या शाखेत लॉकरला एक आजी यायच्या. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी. मी माझी किल्ली लावून बाहेर थांबायचो. दहा मिनिटांनी त्या दार किलकिलं करून हात पुढे काढायच्या. हातात पाटल्या, तोडे. "कसे दिसतात रे?" मी म्हणायचो, "छान, आजी." मग दार लागायचं, आणि त्या मोकळ्या हातांनी बाहेर यायच्या. असं सात-आठ वर्षं चाललं. मला तेव्हा त्यांची कीव यायची. आता वाटतं, त्या निदान घालून तरी बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी हे सगळं हिला सविस्तर सांगितलं. १३ सेंटांचा हिशेब तर ताटात चटणीने मांडून दाखवला. आपल्या नवऱ्याला अशी काही तत्त्वं सुचतात याचं तिला कौतुक वाटेल अशी माझी अपेक्षा होती. मी जोरात येऊन म्हणालो, "आता तुझी पैठणीच घे. एकोणीस वर्षांत दोनदा नेसलीस. घडीवर विरत चाललीय. याला काय सांभाळणं म्हणायचं?"

ही शांतपणे भात वाढत म्हणाली, "खाली पार्किंगमध्ये खोळीखाली काय आहे?"

मी भात कालवत राहिलो.

खाली पार्किंगमध्ये खोळीखाली बाबांची चेतक आहे. १९८६ साली आलेली. नंबर लावल्यानंतर सात वर्षांनी. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, म्हणजे माझा आणि स्कूटरचा नंबर बाबांनी एकाच सुमाराला लावलेला होता. पुढे उभं राहायची जागा माझी, मागे आई, आईच्या मांडीवर ताई, आणि पायाशी दळणाचा डबा. सात-साडेसात अश्वशक्तीत एवढा प्रपंच ओढला जायचा. सुरू होईना झाली की बाबा तिला एका अंगावर कलती करायचे, जणू कानात काही सांगताहेत, आणि मग तिसऱ्या किकला ती ऐकायची. बाबांचीही एक डायरी होती. पेट्रोल किती, ऑइल किती, मीटर किती. मीटर पाच आकडी. एकदा गरगर फिरून पुन्हा शून्यावर आलं, तेव्हा बाबांनी त्या दिवशी पेढे आणले होते. मधली दोन वर्षं केबल तुटून मीटर बंद होतं, त्या काळाचे किलोमीटर त्यांनी अंदाजाने लाल शाईत लिहिलेत. डायरीतला शेवटचा आकडा, मीटर फिरल्याचं धरून, १,१८,४०० असा आहे. तारीख २०१५ ची. त्यानंतरच्या महिन्यात बाबा गेले.

त्यानंतर ती मी चालवली नाही. विकलीही नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला, त्याच्यावर मी असा ओरडलो की वॉचमन धावत आला. बाबांची शेवटची वस्तू. तिला काही होऊ नये, ओरखडासुद्धा जाऊ नये, म्हणून चांगली खोळ आणली. दर दसऱ्याला खोळ काढायची, पुसायची, हळदकुंकू, झेंडूचा हार. दोन किका मारून पाहायच्या. पहिली दोन वर्षं सुरू झाली. मग होईना झाली. हार घालणं चालू राहिलं. आर.सी. अजून बाबांच्याच नावावर. मालक गेल्यावर तीस दिवसांत कळवावं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी, हे मी वाहनकर्जाच्या टेबलावरून किती विधवांना आणि किती मुलांना सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही.

म्हणजे न्यू जर्सीतला दंतवैद्य आणि मी, दोघांचं गॅरेज एकच. फरक एवढाच की तो पुढे कधीतरी चालवीन म्हणून चालवत नव्हता, आणि मी पूर्वी कोणीतरी चालवली म्हणून. यातला शहाणा कोण हे मला ठरवता येईना. बाबांची आठवण कुठे होती? ती त्या पत्र्यात असेल तर झाकून ठेवणं बरोबर होतं. आणि ती त्या कलत्या करण्यात, त्या तिसऱ्या किकेत असेल, तर मी ती दहा वर्षं एका जागी उभी करून गंजवली. खोळ काढून पाहिली. पेट्रोलच्या टाकीत डोकावलं तर आत तपकिरी पापुद्रे. मागच्या टायरला आडव्या भेगा. ओरखडा मात्र एकही नाही, अगदी बाबांच्या वेळी होते तेवढेच.

भाच्याला मी फोन केला. म्हटलं, "नर्सबाईंची घे. पण एक विचार त्यांना: ही गाडी विकताहेत का?"

"विचारलं. आता लांबची ड्यूटी नाही राहिली त्यांना. म्हणाल्या, जो रोज चालवणार असेल त्यालाच द्यायचीय."

"तू चालवणार?"

"ऑफिस तीस मैल आहे, मामा."

त्याने घेतली. कमी चाललेली गाडी वाईटच असते असं नव्हे, हे मी इथे न्यायाला धरून नमूद करतो. थोडी पण नियमित फिरवली, वर्षाच्या वर्षाला तेल-पाणी केलं, तर तशीही एखादी उत्तम मिळते. आणि नर्सबाईंच्या गाडीचे पुढचे शॉक-ॲब्सॉर्बर भाच्याला लगेच बदलावे लागले, त्याचं बिल ताईने मला कळवलं.

चौकातल्या मेकॅनिकला मी घरी बोलावून आणलं. त्याने स्कूटरभोवती एक फेरी मारली, बाबांसारखीच ती एका अंगाला कलती करून पाहिली आणि खर्च सांगितला. टाकी, कार्ब्युरेटर, केबली, दोन्ही टायर, प्लग, ब्रेक. मिळून साडेनऊ हजार. स्कूटरच्या वहीतल्या किमतीच्या, कोणत्याही घसारा पद्धतीने, कितीतरी पट.

मी गप्प झालेला पाहून तो म्हणाला, "साहेब, रोज काढणार असाल तर करतो. दसऱ्याला हारच घालायचा असेल तर कशाला पैसे घालवता? हाराला इंजिन लागत नाही."

मी "करा" म्हणालो. आर.टी.ओ.चे सगळे कागदही केले. फॉर्म ३१ माझ्याच अक्षरात भरताना "मृत मालकाचं नाव" या रकान्याशी मी जरा जास्त वेळ घेतला. एरवी तो रकाना मी दुसऱ्यांना बोटाने दाखवतो.

स्कूटर परत आली त्या रविवारी मी पहिल्या किकेला घाम पुसला, दुसरीला शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या, आणि मग कलती केली. तिसरीला निळा धूर सगळ्या पार्किंगभर झाला. वर गॅलरीत आई उभी होती. दहा वर्षांत तिने या स्कूटरकडे बघितल्याचं मला आठवत नाही. दसऱ्याला सुद्धा ती वर थांबायची. ती आत गेली. मला वाटलं, चुकलंच आपलं.

पाच मिनिटांनी ती खाली आली. हातात गव्हाचा डबा. तो तिने पायाशी, नेहमीच्या जागी ठेवला, पायाने जरासा आत सरकवला आणि म्हणाली, "झाकण सैल आहे रे. वळणावर हळू घे. आणि बारीक दळ म्हणावं, मागच्या वेळी भरड दिलं होतं."